काही हरकत नाही

उस्तादांनी पाठवलेलं पहिलं पान मोबाईलवर उघडलं आणि मला वाटलं, छपाईत काहीतरी राहून गेलंय. अक्षरं होती, नुक्ते होते, पण अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाखाली ज्या बारीक खुणा असतात त्या गायब होत्या. जबर नाही, जेर नाही, पेश नाही. मी लगेच मेसेज टाकला, "उस्ताद, या पानावर हरकती नाहीत."

उस्ताद मुंब्र्याचे. आयुष्यभर अरबी शिकवून आता घरी बसलेत, मराठी उत्तम बोलतात. त्यांचं उत्तर आलं, "काही हरकत नाही. आजपासून त्या तुम्ही लावायच्या."

मी हसले. पुढचे सहा आठवडे ते हसू परत आलं नाही.

ज्यांना अरबी लिपीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मराठीत 'हरकत' म्हणजे आक्षेप. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. अक्षर नुसतं असतं तेव्हा ते हलत नाही, त्याला 'अ', 'इ' किंवा 'उ' असा छोटा स्वर मिळाला की ते हलतं. म्हणून त्या स्वराच्या खुणेचं नाव हरकत, आणि जे अक्षर हलत नाही ते 'साकिन'. जुन्या मराठी कागदपत्रांत 'साकीन मौजे अमुक' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे त्या गावचा राहणारा. तोच शब्द, एका जागी स्थिर असलेला. कुरआन शरीफ आपण वाचतो त्यात सगळ्या हरकती छापलेल्या असतात. मुलांच्या पुस्तकांतही असतात. पण अरबीतला बाकीचा सगळा संसार, वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, बहुतेक जुने ग्रंथ, हरकतींशिवाय चालतो.

मी उर्दूची बाई आहे. उर्दूही जबर-जेर न लिहिताच वाचली जाते. त्यामुळे हे आपल्याला जमेल, असं मी गृहीत धरलं होतं. पण उर्दू आपण का वाचू शकतो? कारण ती आपल्याला आधीच येते. शब्दाचा सांगाडा दिसला की तोंडातला शब्द त्यावर बसतो. अरबी माझ्या तोंडात नव्हती. ती माझ्या वहीत होती.

ऐन, लाम, मीम ही तीन अक्षरं एकापुढे एक लिहा. हरकत नसेल तर ती 'इल्म' असू शकतात, म्हणजे ज्ञान. 'अलम' असू शकतात, म्हणजे झेंडा. 'अलिम', त्याने जाणलं. 'उलिम', जाणलं गेलं. आणि मधल्या लामवर जोर आला तर 'अल्लम', त्याने शिकवलं. जाणणं आणि शिकवणं यांत फरक फक्त एका खुणेचा, आणि ती खूण पानावर नाही. कोणता शब्द आहे हे वाक्यच सांगणार. म्हणजे वाक्य आधी समजायला हवं, मग ते वाचता येणार.

ही गोष्ट मला शिक्षक म्हणून हादरवून गेली. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळं लिहिलेलं असतं. माझ्या वर्गातला पाचवीचा मुलगा मराठीचा धडा घडाघडा वाचून दाखवतो. "काय समजलं?" असं विचारलं की छताकडे बघतो. बी.एड.ला आम्हाला वाचन वेगळं आणि आकलन वेगळं, असं शिकवलं होतं. इथे एक लिपी माझ्यासमोर उभी होती जी म्हणत होती, समजल्याशिवाय तुला वाचताच येणार नाही.

आणि मी स्वतः कोण होते? सात वर्षांची असताना खालाकडे कायदा संपवला, नवव्या वर्षी नाजरा पूर्ण केला. अब्बांनी लाडू वाटले होते. तेव्हापासून चाळीस वर्षांच्या आसपास मी कुरआन वाचतेय. न अडखळता, आणि बराचसा न समजता. त्या वाचनाचं मोल मी कमी लेखत नाही. ती इबादत आहे, तिचा सवाब अल्लाहकडे आहे. पण त्या पाचवीच्या मुलावर ओरडताना आता माझा आवाज खाली येतो.

उस्तादांकडे मी उगाच गेले नव्हते. एक चूक मला तिथे घेऊन गेली होती.

आमचं घर दातिवऱ्याला. वैतरणेच्या मुखाशी, समोर पाण्यापलीकडे अर्नाळ्याचा किल्ला दिसतो. नोकरीसाठी रोज सफाळ्याला येऊन गाडी पकडायची. विरार-डहाणूच्या त्या गाडीत मी 'मदीना बुक्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुस्तकांचे तीन भाग पूर्ण केले. ती लिहिणारे डॉ. व्ही. अब्दुर रहीम मूळचे तमिळनाडूतल्या वाणियंबाडीचे. मदीनेच्या इस्लामी विद्यापीठात ते परदेशी विद्यार्थ्यांना अरबी शिकवायचे. अरब नसलेल्या माणसाला कुठे ठेच लागते हे त्या माणसाला नेमकं ठाऊक होतं, कारण तो स्वतः त्याच वाटेनं गेला होता. पहिला भाग 'हे काय आहे? हे घर आहे' असा सुरू होतो. तिसरा भाग संपेपर्यंत माझी चार वर्षं गेली. पण संपला. क्रियापदांचे दहा साचे पाठ झाले, मोडून होणारी अनेकवचनं पाठ झाली. मला वाटलं, आली अरबी.

गल्लीतल्या बायकांनाही तसंच वाटलं. कुणाकडे कुरआनखानी असली की मला बोलावणं यायचं, आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, "आपा, जरा अर्थ पण सांगा." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका बाईचा नवरा गेला. आजारपण लांबलं होतं, घरात होतं नव्हतं ते संपलं होतं. भाड्याची खोली, दोन मुलं, शिवणाचं मशीन. ती कोकणात खाली, रत्नागिरीकडून लग्न होऊन आलेली. जियारतीच्या दिवशी बायका जमल्या. पठण झालं. मग नेहमीप्रमाणे सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

मला एक हदीस आठवली. सही मुस्लिममध्ये आहे, प्रसिद्ध आहे. तिचा आशय असा की इस्लामची सुरुवात 'गरीब' अवस्थेत झाली, पुन्हा एक दिवस तो तसाच होईल, आणि म्हणून 'गरीब' असणाऱ्यांना शुभवार्ता आहे. अरबी शब्दही हाच, 'गरीब'. मी तो शब्द जसाच्या तसा मराठीत उचलून ठेवला. त्या ओल्या डोळ्यांच्या बाईकडे बघत म्हटलं, "बघ, आपला दीन गरिबीत सुरू झाला. गरिबांना खुशखबर दिलीय."

तिनं ते दोन्ही हातांनी धरलं. पुढे कितीतरी महिने मी ऐकत होते. मुलांना शाळेच्या बुटांसाठी नाही म्हणताना ती सांगायची, "आपा बोलल्या ना, गरिबाला खुशखबर हाय." दुकानात उधारी मागताना हसून तेच सांगायची. मला बरं वाटायचं. एका वाक्यानं एका घराला आधार दिला, असं वाटायचं.

मग आठवड्यातून एकदा उस्तादांकडे व्हिडिओ कॉलवर शिकायला सुरुवात केली. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला त्यांनी एक छोटी हदीस दिली. तिचा आशय, या जगात 'गरीबा'सारखे राहा किंवा रस्त्यानं जाणाऱ्या वाटसरूसारखे. मी भाषांतर केलं, "दुनियेत गरिबासारखे राहा किंवा वाटसरूसारखे."

उस्ताद म्हणाले, "गरिबाचा आणि वाटसरूचा काय संबंध?"

मी गप्प.

"गैन, रे, बे. शब्दकोश काढा."

माझ्याकडे 'मिस्बाहुल्लुगात' होता, अरबी-उर्दू. धातू शोधला. गरब म्हणजे पश्चिम. गुरूब म्हणजे मावळणं. मगरिब म्हणजे मावळण्याची जागा, मावळण्याची वेळ. जी नमाज मी रोज पढते तिचंच नाव. आणि गरीब म्हणजे दूर गेलेला, आपल्या माणसांत नसलेला, परका. पैसे नसलेला नव्हे. तो अर्थ आपल्याकडचा, उर्दूतला आणि मराठीतला. परमुलुखात एकट्या पडलेल्या माणसाकडे बहुधा पैसेही नसतात. तसाच तो अर्थ वाटेत कधीतरी बदलला असावा.

म्हणजे हदीस सांगत होती की इस्लाम सुरुवातीला परका होता, लोकांना अनोळखी होता, पुन्हा तसा होईल, आणि अशा परक्या पडलेल्यांना शुभवार्ता. आणि मी त्या बाईला काय देऊन बसले होते?

त्या रात्री मला झोप लागली नाही. हे म्हणाले, "चांगल्यासाठीच बोललीस ना? तिला धीर मिळाला. राहू दे." पण रसूलुल्लाह, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, जे म्हणाले नाहीत ते त्यांच्या नावानं सांगणं ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही. मी ते जाणूनबुजून केलं नव्हतं, पण केलं होतं. मला अजिबात अरबी आली नसती तर ही चूक माझ्या हातून झाली नसती. मी गप्प बसले असते किंवा उर्दू तर्जुमा उघडून बघितला असता. चूक झाली कारण मला थोडी यायची. मला वाटतं, कुठल्याही शिकण्यात ही मधली पायरीच सर्वांत निसरडी. खालची पायरी माणसाला नम्र ठेवते. मधल्या पायरीवर लोक अर्थ विचारायला येतात, आणि आपण सांगतो.

दोन दिवसांनी मी तिच्या दारात गेले. मशीन चालू होतं. मी सांगितलं, माझी चूक झाली, त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिनं पाय थांबवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग इतकंच विचारलं, "मग गरिबाला काहीच नाय?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकीव होतं. पुन्हा ऐकीव सांगायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "आहे. पण या वेळी मी स्वतः वाचून आणते."

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत म्हणून मी उस्तादांना सांगितलं, मला रोज शिकवा. शाळा सुरू व्हायला सहा आठवडे होते. त्यांनी अट घातली. रोज एकच पान, पण हरकती नसलेलं. प्रत्येक शब्दाची हरकत मी लावायची आणि ती का लावली ते सांगायचं. शेवटच्या अक्षरावर पेश का? कारण तो कर्ता आहे. जबर का? कारण तो कर्म आहे. कारण देता आलं नाही तर हरकत बरोबर असली तरी चूक धरली जाईल.

दिवस असा आखला. फजरनंतर दोन तास पान, ऊन चढायच्या आत. दुपारी स्वयंपाक आवरला की शब्दकोश. असरनंतर उस्तादांचा तास, आणि तो गच्चीवर, कारण घरात रेंज येत नाही. रात्री दिवसभराचं पान मोठ्यानं वाचायचं. मदरशांत या उजळणीला 'तकरार' म्हणतात. अरबीत तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. उस्ताद पहिल्या दिवशी म्हणाले, "रोज रात्री न चुकता तकरार करा." मागून हे जात होते. म्हणाले, "ती सांगायची गरज नाही, ती होतेच."

पहिल्या आठवड्यात एका पानाला पाच तास लागले. शब्दकोशात अरबी शब्द त्याच्या धातूखाली सापडतो. आपल्याला यात नवल वाटू नये, कृ धातूपासून कर्ता, कर्म, कार्य होतात हे आपण मुलांना शिकवतोच. काफ-बे-लाम या एका धातूत आपले कबूल आणि मुकाबला आहेत, किबला आहे, आणि इस्तिकबालही. शब्द हातात आला की त्याचे कपडे काढायचे आणि आतली तीन हाडं शोधायची. पण कधी एक हाडच दिसत नाही. 'यसिलु' हा शब्द मी अर्धा तास शोधला, ये खाली, साद खाली. तो होता वाव खाली, कारण त्याच्या धातूतला वाव वर्तमानकाळात गळून पडतो. वाव-साद-लाम, पोहोचणं. त्यातूनच आपला 'वसूल'. अरबीत वुसूल म्हणजे येऊन पोहोचणं, आपल्याकडे पैसे येऊन पोहोचणं.

अशी दुसरी एक वहीच झाली. मी तिला 'ओळखीचे चोर' म्हणते. तारीख म्हणजे अरबीत इतिहासही. रक्कम म्हणजे आकडा. जुलूस म्हणजे चक्क बसणं, आपण मात्र जुलूस काढून रस्त्यानं चालतो. तहसील म्हणजे मिळवणं, गोळा करणं. जिल्ह्याच्या मुळाशी असलेल्या 'जिल्अ'चा एक अर्थ बरगडी. आणि जकात, जी आपल्यासाठी इबादत आहे आणि महाराष्ट्रात वर्षानुवर्षं नाक्यावर ट्रक थांबवून घेतली जात होती. मराठी माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत अरबी बोलत असतो, फक्त अर्थ स्वतःचे लावून. उर्दूवाल्याचं तर विचारूच नका. अनोळखी शब्दाला मी शब्दकोशात शोधायचे. ओळखीच्या शब्दाला न शोधता पुढे जायचे, आणि तिथेच फसायचे. उस्तादांनी नियम केला, "जो शब्द येतो असं वाटतं, तो आधी बघा."

तिसऱ्या आठवड्यात मी सोडायच्या बेतात होते. गच्चीवरून बघितलं तर होड्या वर ओढायला लागले होते. १ जूनपासून मासेमारी बंद, जाळी गुंडाळली जात होती. मला वाटलं, आपणही गुंडाळावं. वय झालं. मी उस्तादांना म्हटलं, "आपण कोकणातली माणसं. अरबी आपल्याला जमेल तेवढीच जमणार. ती दुसऱ्यांची भाषा."

तो शुक्रवार होता, शुक्रवारी पान नसायचं. उस्ताद म्हणाले, "माहीमला कधी गेलाय?"

गेलेय ना. कोण नाही गेलं? आमच्या पालघरजवळही एक माहीम आहे, केळव्याच्या शेजारचं, पण ते विचारत होते मुंबईच्या माहीमबद्दल. मखदूम साहेबांची दर्गा, डिसेंबरातला मेळा, पोलिसांचा मान. लहानपणी अम्मीचं बोट धरून गेले होते.

"मखदूम अली महाइमींनी काय लिहिलंय ते माहीत आहे?"

माहीत नव्हतं. मी मन्नत माहीत असलेली बाई, किताब माहीत नसलेली. मखदूम साहेबांनी कुरआनची संपूर्ण तफसीर अरबीत लिहिली, 'तब्सीरुर्रहमान'. कोकण किनाऱ्यावर बसून, सहाशे वर्षांपूर्वी. त्यांची वफात हिजरी ८३५ ची, म्हणजे १४३१-३२. ती तफसीर पुढे हिजरी १२९५ मध्ये, १८७८ च्या सुमारास, इजिप्तमध्ये बूलाकच्या छापखान्यात छापली गेली. माहीमच्या माणसाची अरबी काहिरात छापून अरबांनी वाचली. त्या तफसीरीचं एक वैशिष्ट्य उस्तादांनी सांगितलं. प्रत्येक सूरहच्या सुरुवातीला तीच बिस्मिल्लाह येते, पण मखदूम साहेब दर वेळी तिचा अर्थ त्या सूरहच्या आशयाला जोडून वेगळा उलगडतात. जो वाक्यांश आपण जेवायला बसताना न थांबता म्हणून टाकतो, त्याच्यासमोर तो माणूस प्रत्येक वेळी नव्यानं थांबला.

"आणि भिवंडी?" उस्ताद थांबेनात. भिवंडीला यंत्रमाग आहेत एवढंच मला ठाऊक. इमाम मिज्जी यांचा 'तुहफतुल अशराफ' हा हदीसच्या सहा प्रमुख संग्रहांवरचा मोठा संदर्भग्रंथ आहे. कोणत्या सहाबींची कोणती हदीस कुठे सापडेल ते त्यात बघायचं. त्याचे अनेक खंड १९६५ पासून भिवंडीच्या 'अद्दारुल कय्यिमा'मधून निघाले. संपादक शेख अब्दुस्समद शरफुद्दीन. दमिश्कच्या विद्वानाचा चौदाव्या शतकातला ग्रंथ शुद्ध करून छापायचं काम ठाणे जिल्ह्यात झालं.

मग मला माझ्याच भागातली एक गोष्ट आठवली. तारापूरला लागून असलेल्या चिंचणीत काही ताम्रपट सापडले होते. त्यांतला एक शके ८४८ चा, इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात संजाणच्या परिसराचा कारभार बघणारा अधिकारी 'ताजिक' आहे, म्हणजे अरब. त्याचं नाव मुहम्मद, पण ताम्रपट संस्कृतात, म्हणून तो झाला 'मधुमति'. त्यानं लोकांसाठी फुकट होडी ठेवली आणि अन्नछत्र चालवलं, असं त्यात कोरलंय. मी बोईसरवरून कित्येकदा गेलेय, पण या माणसाचा कधी विचार केला नव्हता. अरबीतला 'गरीब', दूरदेशाहून आलेला परका, आणि आमच्या खाडीवर लोकांना पलीकडे सोडतोय. अरबी इथे परकी नाही, फक्त आम्ही तिला अर्थासकट बोलवायचं सोडलं होतं.

शनिवारी पुन्हा पान उघडलं.

हरकतींची एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अबुल अस्वद दुअली हे पहिल्या हिजरी शतकातले, अरबी व्याकरणाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. असं सांगतात की एका रात्री त्यांची मुलगी आकाशाकडे बघून काहीतरी म्हणाली. तिला म्हणायचं होतं, आकाश किती सुंदर! पण शेवटच्या हरकती चुकल्या आणि वाक्याचा अर्थ झाला, आकाशात सर्वांत सुंदर काय? बाप म्हणाला, "तारे." ती म्हणाली, "मी विचारत नव्हते, मला नवल वाटत होतं." एका पेशनं नवलाचा प्रश्न झाला. बापाच्या लक्षात आलं, भाषा हातातून सुटतेय, नियम लिहून ठेवायला हवेत.

मी ही गोष्ट गच्चीवर माझ्या लेकीला सांगितली. बारावीला आहे. ती म्हणाली, "अम्मी, म्हणजे बाबा लोक तेव्हापासूनच उत्तरं देतात, न विचारता." मी म्हटलं, आईपण.

पाचव्या आठवड्यात उस्तादांनी विचारलं, आता काय वाचायचंय? मी सांगितलं, गरिबांबद्दलचं. त्यांनी इमाम नववींच्या 'रियाजुस्सालिहीन'मधला जुह्द आणि फक्रवरचा बाब काढला. संसाराची हाव न धरण्याबद्दलचा. हरकती नसलेली प्रत पाठवली. त्या बाबमध्ये 'गरीब' शब्द मला दिसला तो त्या वाटसरूच्या हदीसमध्ये, जिथे मी आपटले होते. बाकी पैसा नसलेल्यांसाठी दुसरेच शब्द. शेवटी ती हदीस सापडली, तिर्मिजींच्या हवाल्यानं. तिचा आशय, 'फुकरा' म्हणजे निर्धन लोक श्रीमंतांच्या पाचशे वर्षं आधी जन्नतमध्ये जातील. एका ओळीची हदीस. मी तिच्यावर एक अख्खी सकाळ घालवली. प्रत्येक अक्षराला हरकत लावली, प्रत्येक हरकतीचं कारण लिहिलं, प्रत्येक शब्द कोशात बघितला, 'पाचशे' हा शब्दसुद्धा. संध्याकाळी उस्तादांसमोर वाचली. ते एवढंच म्हणाले, "पुढे."

शिक्षक झाल्यापासून मला इतका मोठा शेरा कुणी दिला नव्हता.

पहिला पाऊस पडून गेला होता तेव्हा मी तिच्याकडे गेले. वही बरोबर नेली. म्हटलं, "आणली." आणि वाचून दाखवली, आधी अरबी, मग अर्थ सांगायला लागले. "फुकरा म्हणजे फकीर लोक..."

तिनं मध्येच तोडलं. "आपा, आमी फकीर नाय. भीक नाय मागत आमी."

मी पुन्हा तिथेच. गरीब म्हणजे परका, आणि फकीर म्हणजे गरीब. आपल्याकडे येताना दोघांनी कपडे बदलले. मी वही खाली ठेवली आणि सावकाश सांगितलं की अरबीत फकीर म्हणजे मागणारा असं नाही. ज्याच्याजवळ पुरेसं नाही, तो फकीर. कष्ट करून महिनाअखेर ज्याचं भागत नाही तोसुद्धा.

ती वहीकडे बघत होती. पानभर माझे लाल-निळे पेन, बाण, खाडाखोड.

"या टायमाला बघितलंत ना नीट?"

"बघितलं. आणि उस्तादांना दाखवलं."

"मग ठीक." तिनं मशीनमध्ये दोरा ओवला. थोड्या वेळानं म्हणाली, "आणि ती पहिली? परक्याची?"

"ती आहेच. ती खरीच आहे. फक्त अर्थ मी चुकीचा सांगितला होता."

"मग ती पण ऱ्हाऊ दे माझ्याकडं. मी बी भायरूनच आलेली."

मी यावर हदीसचा नेमका अर्थ समजावायला तोंड उघडलं. त्यातलं परकेपण गावाचं नाही, दीनचं आहे, असं काहीतरी. मग मिटलं. ते मला अजून पक्कं वाचायचंय. आता अर्थ विचारला की मी आधी म्हणते, थांबा, बघून सांगते. बायकांना हे सुरुवातीला आवडलं नाही. एक जण म्हणालीच, "आधी तर पटकन सांगायच्या."

शाळा सुरू झाली. आता रोज पान होत नाही, आठवड्याला तीन होतात, सफाळे ते पालघरच्या गाडीत. परवा शेजारी बसलेल्या एका ताईंनी माझ्या मांडीवरचा कागद बघून विचारलं, "हे काय वाचताय? बसू ना इथे?" मी कागद जवळ ओढला, जागा केली आणि म्हटलं, काही हरकत नाही.